गळक्या मडक्यांचं धाबं

वर बघा. या घराच्या धाब्यावर पालथी मांडलेली दिसतात, ती मडकी आहेत. शेकडो. एकही धड नाही. वर चढू नका, फुटतात.

हे सोळा खणांचं घर कोणा एकाचं नाही. आई नसलेल्या लेकींना आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, माहेरपण मिळावं, म्हणून गावाने ते बांधलं. मोठं बांधलं, पण उन्हाचा विचार केला नाही. वैशाखात मातीचं सपाट धाबं तव्यासारखं तापे. पोरी पंधरा दिवसांसाठी येत आणि तिसऱ्या दिवशी परत जात. धाब्यावर पाणी मारून पाहिलं, तर विहिरीने तळ गाठला. शेवटी पंचांनी ठरवलं म्हणे, याही आखाजीला पोरी टिकल्या नाहीत तर घराला कुलूप.

तेव्हा गावात सुकदेव कुंभार होता. बायको, लेक, जावई सगळे पटकीत गेलेले. रुखमा ही एक नात उरली, तीही लांब दिलेली. सुकदेवच्या घरात बाईमाणूस नाही, म्हणून सासरचे तिला या घरीच धाडत. हे घर बंद, म्हणजे नातीचं तोंड दिसणं बंद.

असं सांगतात, की सुकदेवच्या हातचं गळकं मडकं गावाने कधी पाहिलं नव्हतं. भट्टीतून तसं निघालं तर तो तिथेच फोडी. त्या साली माती खारी लागली आणि निम्मी भट्टी गळकी निघाली. एवढी फोडायला हात उचलवेना. त्याने ती मागच्या अंगाला पालथी घालून ठेवली. भर दुपारी त्यांच्या आडोशाला कुत्रं निजलेलं दिसलं. त्याने एक मडकं उचलून खाली हात लावला. भोवतालची जमीन भाजत होती, मडक्याखालची तेवढी गार होती.

मग त्याने गाढवावर मडकी लादली आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत बाजारगल्लीतून निघाला.

श्रावण तेल्याने टोमणा मारलाच. "आप्पा, एवढी गळकी? हात थकले वाटतं."

"थकले," सुकदेव म्हणाला. "तुझ्या घरचीही जुनी गळकी दे. ही पुरायची नाहीत."

तेली आतून तीन घेऊन आला. मग घरोघरची निघाली. धाब्यावर ती खेटून पालथी मांडली, फटीत चिखल भरला, वरून चुना फासला.

आखाजीच्या तिसऱ्या दिवशी पंच कुलूप घेऊन आले. पोरी आत गाणी म्हणत होत्या. पंच ऊन उतरेपर्यंत म्हणून आत टेकले आणि त्यातले दोघे तिथेच घोरू लागले. रुखमाने त्यांना हलवून उठवलं.

"काका, ही लेकींची जागा आहे. घरी जा."

आजही आमच्या गावात गळकं मडकं कोणी फोडत नाही. आखाजीआधी ते धाब्यावर जातं. पहिलं मडकं कुंभाराचं, भर दुपारी, बाजारगल्लीतून. आता गावात स्लॅबची घरं झाली, कूलर आले. वीज गेली की त्या घरांतले लोकही इथेच येतात. पण आखाजीच्या दिवसांत दारातच थांबतात. आत घ्यायचं की नाही, ते लेकी ठरवतात.