टिपरीची गाणारी पेटी

एक होती खार. तिचं नाव टिपरी. ती राहायची चिंचेच्या झाडावर.

एकदा टिपरी बाजाराला गेली. तिथे जुन्या सामानाच्या ढिगात एक पेटी होती. पेटीला मोठा पितळी कर्णा. वर काळी काळी तबकडी. बाजूला वाकडी चावी. दुकानदाराने चावी फिरवली. कर्र कर्र कर्र. पेटी गायला लागली. टिपरीची शेपटी डोलायला लागली.

वर्षभर साठवलेले सगळे शेंगदाणे टिपरीने देऊन टाकले. पेटी घेतली. ओढत ओढत झाडाखाली आणली.

जास्त चावी दिली की जास्त गाणं, असं तिला वाटलं. कर्र कर्र कर्र. आणखी कर्र कर्र कर्र. चावी जड झाली. तरी तिने फिरवली.

खट्ट.

पेटीच्या पोटातली कमान, म्हणजे गुंडाळलेली पोलादी पट्टी, तुटली. गाणं गेलं. शेंगदाणे तर आधीच गेले होते.

टिपरी थोडी रडली. मग शेपटीने डोळे पुसले. "मी माझं गाणं परत आणणार," ती म्हणाली. पेटीला दोरी बांधली. पेटी केवढी, टिपरी केवढी. तरी ओढली. खर्र खर्र, खर्र खर्र.

गावात अंतोबा होता. तो घड्याळं नीट करायचा. त्याने डोळ्याला भिंग लावलं आणि पेटीत पाहिलं.

"अंतोबा, अंतोबा, कमान बसव ना."

अंतोबा म्हणाला, "बसवतो. पण कमान कोरडी पडली आहे. आधी तेल आण."

टिपरी निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु. तेलाच्या घाण्यापाशी बैल बसला होता.

"बैलदादा, बैलदादा, घाणा फिरव ना.
अंतोबा कमान बसवीना,
पेटी काही गाईना."

बैल म्हणाला, "फिरवतो. पण पोट रिकामं आहे. आधी चारा आण."

टिपरी निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु. शेताच्या बांधावर भागूमावशी उभी होती.

"मावशी, मावशी, चारा काप ना.
बैल घाणा फिरवीना,
अंतोबा कमान बसवीना,
पेटी काही गाईना."

मावशी म्हणाली, "कापते. पण विळा बोथट झाला आहे. आधी धार लावून आण."

टिपरीने विळा घेतला आणि निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु. लोहार दारात बसला होता. मांडीवर त्याचं बाळ रडत होतं.

"लोहारमामा, लोहारमामा, धार लाव ना.
मावशी चारा कापीना,
बैल घाणा फिरवीना,
अंतोबा कमान बसवीना,
पेटी काही गाईना."

लोहार म्हणाला, "लावतो. पण रडतं बाळ खाली कसं ठेवू? आधी बाळाला हसव."

टिपरी बाळाच्या पायाशी बसली.

"बाळा, बाळा, हस ना.
लोहार धार लावीना,
मावशी चारा कापीना,
बैल घाणा फिरवीना,
अंतोबा कमान बसवीना,
पेटी काही गाईना."

बाळ म्हणालं, "गाणं." एवढंच. आणि पुन्हा, "गाणं."

आता झाली पंचाईत. गाणं तर पेटीत. पेटी तर बंद. आणि खारीला येतं फक्त चिक चिक.

 पण टिपरी मागे काही फिरली नाही. तिने बाळाचा इवलासा अंगठा धरला. हळूच फिरवला. कर्र कर्र कर्र. शेपटी उभारून तिचा कर्णा केला. आणि गायली, चिक चिक चिक, चिक चिक चिक. मग एकदम, खट्ट. टिपरी उताणी पडली.

बाळ हसलं. खुदुखुदु हसलं.

बाळ हसलं, लोहाराने धार लावली. घस घस.
धार लागली, मावशीने चारा कापला. सर सर.
चारा मिळाला, बैलाने घाणा फिरवला. कुई कुई.
घाणा फिरला, तेल गळलं. टप टप.
तेल आलं. अंतोबाने कमानीचं तुटकं टोक कापलं. आत अडकवायला नवं भोक पाडलं. तेल लावलं, कमान बसवली. टिक.

"चावी जड लागली की थांबायचं," अंतोबा म्हणाला.

पेटी घेऊन सगळे चिंचेखाली जमले. मावशीने टिपरीसाठी ओटीभर शेंगा आणल्या. टिपरीने चावी फिरवली. कर्र कर्र कर्र. चावी जड लागली. आणखी फिरवावी असं तिला फार वाटलं. पण ती थांबली.

आणि पेटी गायला लागली. बैलाची मान डोलली. मावशीचा पदर डोलला. अंतोबाचं भिंग डोललं. टिपरीची शेपटी सगळ्यांत जास्त डोलली.

गाणं संपलं.  बाळाने टिपरीकडे पाहिलं.

"खट्ट," बाळ म्हणालं.

आणि टिपरी उताणी पडली.

चावी उतरली, गोष्ट थांबली. पुन्हा हवी? मग फिरवा माझा अंगठा. जड लागला की थांबा हं.