वासाचा तास

एका जंगलात जनावरांनी मिळून एक विद्यापीठ चालवलं होतं, बाळांनो. तिथं काय शिकवायचं आणि काय नाही, ते विद्यापरिषद ठरवत असे. म्हातारा गवा तिचा अध्यक्ष, कोल्हा चिटणीस, आणि साळिंदर, बगळा, कासव हे सभासद. सभा दुपारी बसे ती ऊन कलेपर्यंत चाले. अगदी शेवटी कोल्हा ऐनवेळचे विषय भराभर वाचून टाकी. तोवर सगळ्यांना भूक लागलेली असे. सगळे माना हलवीत, कोल्हा ‘मंजूर’ म्हणे, की उठली सभा.

एकदा सभा चालू असताना चितळीण धापा टाकीत आली. ती पाडसांना वाघाचा वास ओळखायला शिकवी. पाडसांना घेऊन त्यांच्या आयाही तिच्या मागोमाग आल्या होत्या. सभेत तिला जागा नव्हती, म्हणून ती कडेलाच उभी राहिली आणि खालच्या आवाजात गव्याला म्हणाली, “आबा, काल सात पाडसं नाल्यावर गेली, सहाच परत आली. वास आला तरी सातवं पळालं नाही. हुंगत उभंच राहिलं. माझा तास बंद केल्याचा निरोप महिन्यापूर्वी आला होता. तो ठराव कोणी केला?”

असला ठराव आपण केलाच नाही, असं गवा शपथेवर सांगू लागला. कोल्ह्यानं शांतपणे मागचं इतिवृत्त काढलं आणि वाचलं. तीन वर्षांत वाघ दिसला नाही, सबब वासाचा तास बंद. ती वेळ मोराच्या नाचाला. एकमताने मंजूर. गव्यानं एकेकाला विचारलं. साळिंदराला वाटलं होतं, बगळ्यानं ऐकलं असेल. बगळ्याला वाटलं होतं, कासवानं. कासव म्हणालं, “आबा, मी तुमची मान हलताना पाहिली.”

गवा म्हणाला, तास आजच सुरू करा. कोल्ह्यानं कान खाजवला. बंद करायचं ऐनवेळी चालतं, पण सुरू करायचं तर आठ दिवस आधी कळवावं लागतं, असं तो सांगू लागला. पुढच्या पौर्णिमेच्या सभेत घेऊ.

“आणि वाघाला कोण कळवणार,” चितळिणीनं विचारलं, “पौर्णिमेपर्यंत थांब म्हणून?”

या वेळी एकही मान हलली नाही. चितळीण वळली आणि उरलेल्या सहांना घेऊन तिथल्या तिथं शिकवायला बसली. गवा सभा तशीच टाकून उठला, पाडसांच्या मागं पहाऱ्याला जाऊन उभा राहिला. सातव्याची आईही तिथंच होती. तिच्याकडे बघायचा धीर मात्र त्याला शेवटपर्यंत झाला नाही.

तात्पर्य एवढंच : दुसऱ्यानं ऐकलं असेल असं धरून आपण होकार देऊ नये, तो ज्यांच्यावर बेततो, ती लेकरं सभेत बसलेली नसतात.