घोरपडेच्या प्रोग्रामला लागलेली सवय

“माझ्या प्रोग्रामने मागवलेली वस्तू मीच मोडली, तर चुकलं कुठे, बाई?”

कर्णिकबाई शेंगा सोलत राहिल्या. निवृत्त होऊन त्यांना नऊ वर्षं झाली होती, पण अडलेले प्रोग्रामर अजून त्यांच्याच दारात येत.

प्रणीत घोरपडे दूध संघातला. दूध तपासणाऱ्या यंत्राचा त्याचा प्रोग्राम साध्या सी भाषेतला, सात वर्षं बिनतक्रार चाललेला. आता भेसळ ओळखायला संघाने डॉटनेट या वेगळ्या प्रणालीत लिहिलेला तयार भाग, म्हणजे कंपोनंट, आणला. सीमधून त्याला हाक मारायची, एवढंच काम. पण चार नमुने झाले की प्रोग्राम कोसळे. उद्या सकाळी दूध खोळंबलं, तर प्रोग्रामबरोबर माणूसही बदलू, असं साहेबांनी बजावलं होतं. प्रणीत घाबरला होता. ऐट मात्र शाबूत होती.

बाईंनी कोड वाचला.

“हाक बरोबर मारतोस. काम झालं की?”

“लगेच फ्री! वस्तू मोडून मेमरी मोकळी. आम्ही सीवाले. आपलं ताट आपण घासतो.”

“ताट कुणाच्या घरचं?”

“…डॉटनेटच्या.”

“तिथे आवरायला कुणी नाही?”

“गार्बेज कलेक्टर आहे, कुणी धरून न ठेवलेल्या वस्तू मोडणारा. पण तो कधी आवरेल, तोच जाणे!”

“म्हणून तू त्याच्या घरात शिरून भांडी फोडतोस.”

“बरं, काल फ्री काढून टाकलं. तर मेमरी भरत गेली आणि तासाभरात यंत्र ठप्प.”

“रिलीज म्हटलंस? धरलेली वस्तू सोडली, असं?”

“मोडायचंच नाही, तर सोडायचं कशाला?”

बाईंनी पुढे वाकून त्याचं मनगट धरलं. घट्ट.

प्रणीत ओशाळून हसला. मग हात ओढू लागला…

“बाई, सोडा ना. काम आहे.”

“सोडू, की मोडू?”

तो ओढायचा थांबला. बाईंनी हात सोडला.

प्रणीतने फ्रीच्या जागी रिलीज लिहिलं आणि तिथेच बसून दोनशे नमुन्यांची चाचणी चालवली. बाईंच्या शेंगा संपल्या. प्रोग्राम कोसळला नाही, मेमरीही जागच्या जागी. त्याचा जीव भांड्यात पडला. पण गडी सीवाला.

“बाई, त्या वस्तू कलेक्टरने नेमक्या मोडल्या केव्हा?”

बाईंनी टरफलं सुपात भरली.

“मोडताना तुला विचारायचं राहूनच गेलं बघ त्याचं.”