नवरीच्या विहिरीची हळद

माळाच्या पायथ्याशी ही दगडी विहीर आहे ना, तिच्या काठावर हिरवा चुडा वाहिलेला दिसेल. हिला नवरी म्हणतात. नवरदेव वर, कोंढाऱ्याच्या माळावर. दोन विहिरींचं लग्न कसं लागलं, ते इथली जुनी माणसं अशी सांगतात.

कोंढाऱ्याच्या विठोजी पाटलांना उसाचं वेड. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की ते विहीर आणखी दोन पुरुष खणायला लावत. त्यांच्या सहा मोटा कधी थांबत नसत. इकडे पायथ्याच्या तळवाडीत मात्र या विहिरीचा तळ उघडा पडला. कोपऱ्यात बोटभर झरा उरला. वाटीवाटीने घागर भरायची. माणसं विनवायला वर गेली, तर पाटील म्हणाले, "माझी जमीन, माझं पाणी. तुमचा झरा आटला, त्याला मी काय करू?"

तळवाडीने गाव सोडायचं ठरवलं. गाड्या भरल्या.

त्याच आठवड्यात पाटलांच्या मुलाचं लग्न होतं. त्याला वरच्या विहिरीच्या काठावर हळदीचं नाहण घातलं आणि सगळी हळद आत उतरली. तिसऱ्या दिवशी तळवाडीची गोजराई वाटेसाठी शेवटची घागर भरायला गेली, तर झऱ्याचं पाणी पिवळं होतं म्हणे.

वऱ्हाड परतलं होतं, मांडव अजून उतरला नव्हता. गोजराईने घागर नेऊन पाटलांपुढे ठेवली.

"हे काय गं?"

"उष्टी हळद. नवरदेवाची हळद लागली की पोर कुणाची, पाटील?"

"तुला कुठली आलीय पोर?" पाटलांनी विचारलं, तसं मांडवात कुणीतरी हसलं.

"आमची विहीर. हळद तुम्हीच धाडलीत, तुमच्या विहिरीतून. आता ती तुमची सून. सुनेला तहानलेली ठेवून घर नांदतं का?"

पाटलांनी घागरीत हात बुडवला. बाहेर काढला तेव्हा तळवा पिवळा होता. ते उठले आणि सहापैकी चार मोटांचे नाडे स्वतः सोडले. खाली तळवाडीच्या गाड्यांचे बैल सुटले, गाव जागीच राहिलं.

हळद खडकातून कशी येईल, असं शिकलेली मंडळी हसून विचारतात. खुशाल विचारा. पण माळाखालचं पाणी एकच आहे, हे त्या बाईला कळलं होतं. आपण अजून सातबारा दाखवून पाण्यावर हक्क सांगतो.

आजही गुढीपाडव्याला वरच्या विहिरीत हळद सोडतात आणि ती खाली पोहोचेपर्यंत माळावर एकही मोटार सुरू होत नाही. पूर्वी तीन दिवस लागायचे. मग माळावर चारशे फुटी बोअर झाल्या. आज अकरावा दिवस आहे. खाली बायका झऱ्यापाशी घागर घेऊन बसल्या आहेत. वर ऊस करपतोय, पण अजून कुणी बटण दाबलेलं नाही.