शत्रू या शब्दाचा अर्थ

फार पूर्वी, रानातली जनावरं आपापल्या शब्दांचे अर्थ स्वतःच ठरवत, तेव्हाची ही गोष्ट. चितळांच्या एका कळपात सावळी नावाची म्हातारी हरिणी होती. पाडसं पानांच्या साध्या सळसळीलाही घाबरून पळत सुटायची, म्हणून तिने त्यांना एक अर्थ पक्का करून दिला: ज्याला नख्या आहेत, तो शत्रू. तेव्हापासून पाडसं समोरच्याचे पाय बघायची आणि निर्धास्त चरायची.

पण शेजारच्या खवल्या मांजरालाही नख्या होत्या. कळपातले नर शिंगं रोखून त्याच्यावर धावून गेले.

"सावळीआजी, या नख्यांनी मी वारूळ उकरतो," तो कळवळून म्हणाला. "तुमच्या केसाला तरी कधी धक्का लावला का?"

सावळीला ते पटलं होतं. तरी ती म्हणाली, "तुझ्यासाठी अर्थ बदलला तर पोरांचा गोंधळ उडेल. तू जा बाबा."

तो मान खाली घालून निघून गेला.

उन्हाळ्यात पाणवठ्यावर अजगर आला. "याला तर पायच नाहीत!" म्हणत टिपकी नावाचं पाडस त्याच्या शेजारी पाणी प्यायला गेलं. सावळी ओरडत धावली, पण तोवर विळखा आवळला होता.

त्या दिवशी सावळीने अर्थ बदलला. जो आपला जीव घेऊ बघतो, तो शत्रू.

"पण आजी, ते आधी कसं ओळखायचं?" टिपकीच्या बहिणीने विचारलं.

सावळीचे डोळे भरून आले. "नीट बघत राहायचं, बाळा. आपला शब्द चुकतोय असं दिसलं, की तिथेच थांबायचं. खवल्याला हाकललं तेव्हा मला दिसलं होतं गं."