टिंगूच्या टोपीची गोष्ट

एक होता पेनड्राइव्ह. बोटाच्या पेराएवढा. नाव टिंगू. डोक्यावर लाल टोपी.

टिंगू नव्या घरी आला. शरयूआईने त्याला हळदकुंकू लावलं. परागदादाने त्याची टोपी काढली. खिशात टाकली.

“डब्यावर लिहिलंय, वाऱ्यासारखा पळतो. आधी मोजू! भरभर वाचतो का? भरभर लिहितो का? पळाला तर टोपी. नाही तर परत दुकानात!”

बोडका टिंगू निघाला. टुक टुक, टुक टुक.

“लॅपटॉपकाका, लॅपटॉपकाका, मला मोज ना! दादा टोपी देईना.”

“मी उपाशी. आधी चार्जर आण.”

टुक टुक, टुक टुक.

“चार्जरभाऊ, चार्जरभाऊ, लवकर ये ना! लॅपटॉप मोजेना, दादा टोपी देईना.”

“बसू कुठं? प्लगमध्ये मिक्सर बसलाय.”

टुक टुक, टुक टुक.

“मिक्सरमामा, मिक्सरमामा, जागा दे ना! चार्जर येईना, लॅपटॉप मोजेना, दादा टोपी देईना.”

“घुर्र! चटणी चाललीय. शरयूआईला विचार.”

टुक टुक, टुक टुक.

“शरयूआई, शरयूआई, मिक्सर काढ ना! मिक्सर उठेना, चार्जर येईना, लॅपटॉप मोजेना, दादा टोपी देईना.”

“कशी काढू? सूनबाईला तीनदा चटणी चाखवली. तीनदा म्हणाली, छान! मीठ कसंय ते सांगेल, तेव्हा काढेन.”

टुक टुक, टुक टुक.

“वृंदावहिनी, वृंदावहिनी, मीठ सांग ना! आई सोडेना, मिक्सर उठेना, चार्जर येईना, लॅपटॉप मोजेना, दादा टोपी देईना.”

वहिनी हळूच म्हणाली, “मी या घरात नवी, टिंगू. नव्या माणसाने छानच म्हणायचं असतं.”

“मीपण नवा! मला तर परत दुकानात पाठवतील.”

वहिनीने इकडे पाहिलं. तिकडे पाहिलं. पदर सावरला.

“आई... मीठ कमी आहे.”



“हुश्श!” आई म्हणाली. “बोलली एकदाची! मला केव्हापासून तसंच वाटतंय.”

मग काय! चिमूटभर मीठ पडलं. घुर्र घुर्र, चटणी झाली. मिक्सर उठला. चार्जर बसला. लॅपटॉप पोटभर जेवला. टिंगू आत शिरला. खट्!

वाचायला... सुर्रर्रर्र!

लिहायला... टिक... ... टिक... ... टिक...

“हा कसला वारा? ही तर गोगलगाय!” दादा म्हणाला. “जा परत दुकानात!”

टिंगू लॅपटॉपला घट्ट चिकटला.

तेवढ्यात वहिनी बोलली. कुणी न विचारता बोलली.

“अहो, लग्न ठरलं तेव्हा मला एक चिठ्ठी लिहायला तुम्ही महिना लावलात. चार ओळींची चिठ्ठी! मी पाठवलं का तुम्हाला परत?”

आई हसली, खो खो खो. मिक्सर हसला, घुर्र घुर्र. दादाचे कान लाल लाल.

दादाने खिशात हात घातला. टोपी काढली. टिंगूला बाहेर काढून घातली.

टक्!