उबेची घळ

ही समोर दिसते ना, काळ्या कातळात चिरा पडल्यासारखी आत शिरलेली पाण्याची पट्टी, तीच उबेची घळ. चपला इथे वर काढून ठेवा आणि वाईच बसा. पाण्यात मग जा, पाणी काही पळून जात नाही. मी गजरा. काळथर गावात लहानथोर सगळे गजराकाकी म्हणतात. तुम्ही उतरलात ते घर माझ्या धाकट्या दिराचं, म्हणजे तुम्ही माझेच पाहुणे. म्हणून हक्काने दटावते हो, राग मानू नका.

मघाशी तुमच्यातली ती निळ्या शर्टातली मुलगी मोबाईल बघून सांगत होती, आज समुद्राचं पाणी इतकं इतकं डिग्री. असेल गो बाय. पण ते झालं अख्ख्या समुद्राचं. आता पौष चालू आहे. पलीकडच्या वाळूवर पाण्यात शिरलात तर सकाळच्या पारी दातखीळ बसेल. इथे घळीत शिरा. बंबातलं पाणी निवत आलं की जसं लागतं, तसं लागेल. शिकलेली माणसं येऊन गेली, म्हणाली खाली गरम झरा असणार. असेलही. आम्ही कुठे नाही म्हणतो? पण आमच्याकडे सांगतात ते वेगळं.

पोहायचे दिवस आमच्या गावात ठरलेले आहेत. पावसाळ्यात समुद्राचं नावसुद्धा काढायचं नाही. आश्विन लागला की पाणी निवळतं, तळ दिसतो, ऊनही बेताचं असतं. पोहायला यायचं तर तेव्हा यावं. वैशाखात पाणी चांगलं तापलेलं, पण जेलीफिश अंगाला लागली की मग बसा खाजवत. आणि पौष-माघ? तेव्हा समुद्र गार. पोरांनी फक्त या घळीत उतरायचं, तेही आई आधी उतरल्याशिवाय नाही. मघाशी तुम्ही हसलात ना, लुगडं नेसून गळ्यापर्यंत पाण्यात उभ्या राहिलेल्या बायांना बघून? हसा, हसा. पहिल्यांदा बघणारा प्रत्येक जण हसतो. कशासाठी उभ्या राहतात ते ऐका आता.

फार जुनी गोष्ट. तेव्हा या घळीला नावसुद्धा नव्हतं, आणि इथलं पाणी बाकीच्या समुद्रापेक्षा जास्तच गार असायचं, असं सांगतात. खोल आहे ना, ऊन तळाशी पोचत नाही. गावात बायजा नावाची खारवीण होती, मासेमारांच्या घरातली. नवरा तापाने गेलेला. घरात ती आणि तिची पोर, चिमी. पोरीला पाण्याचं भारी वेड. उठली की, “आये, जाऊ?” जेवली की, “आये, जाऊ?” बायजा काही वेडी नव्हती. ती आधी स्वतः पाण्यात हात घालून बघायची. गार लागलं तर नाही म्हणायची, आणि नाही म्हटलं की नाही. पोर रुसायची, फुगून बसायची, पण आईचा शब्द मोडायची नाही.

असाच पौष होता. रात्री होड्या बांगड्यांनी भरून आल्या आणि बायजा पहाटेपासून इथेच घळीच्या काठावर बांगडे साफ करून मीठ लावत बसली होती. वारा झोंबत होता, हात ओले, मिठाने चरचरणारे. बोटं पार बधिर झाली म्हणे, सुरी निसटत होती. तेवढ्यात चिमी आली. “आये, जाऊ?” बायजा उठली, कातळावरून खाली वाकली आणि पाण्यात हात घातला. आता तुम्हीच सांगा, गारठून बधिर झालेल्या हाताला काय कळणार? त्या हाताला पाणी ऊन लागलं. चांगलं ऊन लागलं. तिला बरंसुद्धा वाटलं, म्हणून वाईच जास्तच वेळ तिने हात पाण्यात ठेवला, असं सांगतात. आणि म्हणाली, “जा गो बाय. पाणी ऊन आहे.”

चिमीने उडी घेतली. एकदा वर आली, आईकडे बघून हसली. दुसऱ्यांदा गेली ती खोल. खालच्या गारठ्याने पायात गोळे आले असणार. बायजा मान खाली घालून बांगडे साफ करत होती. मान वर केली तेव्हा पाणी सपाट.

तांडेल गोमा, म्हणजे गावच्या होड्यांचा म्होरक्या, माणसं घेऊन धावला. बुड्या मारल्या, जाळी फिरवली. पोर सापडली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मग गोमा बायजाजवळ येऊन बसला. चांगला माणूस होता तो, पण खोटं बोलणं त्याला जमत नसे. तो म्हणाला, “बायजे, गार पाणी माणूस वर देत नाही गो. धरून ठेवतं. चैत्रात पाणी तापलं म्हणजे सोडेल.” बायजा म्हणाली, “चैत्रापर्यंत मासे काय ठेवणार आहेत माझ्यासाठी?” गोमा उठून गेला बिचारा.

तिला पोर जिवंत मिळेल अशी आशा नव्हती हो. तेवढी ती शहाणी होती. तिला एकदा मांडीवर घ्यायची होती. तोंड पुसायचं होतं, केस विंचरायचे होते, आपल्या हाताने मातीत ठेवायची होती. आईचं एवढंसुद्धा मागणं समुद्राला जड व्हावं? मला तर आजही सांगताना राग येतो.

मग बायजाने नवस बोलला. या इथे कातळावर उभी राहिली आणि म्हणाली, “दर्यादेवा, तुला ऊब पाहिजे ना? माझ्या घरातली सगळी घे. मी शेकणार नाही, ऊन अन्न खाणार नाही, पांघरूण घेणार नाही. पण माझी चिमी वर दे.” आणि त्या दिवसापासून ती घरी पाणी तापवायची, हंडा डोक्यावर घेऊन ही चढण उतरायची आणि घळीत ओतायची. परत वर, परत खाली. गाव म्हणालं, बाईच्या डोक्यावर परिणाम झाला. समुद्र का हंड्याने तापतो? लाकूड संपलं. मग तिने घरातले पाट जाळले, मग खाट. मग चिमीचा पाळणा होता आढ्याला टांगलेला, तोही उतरवला. पाळणा जाळताना ती रडली म्हणतात, पण पाणी उकळल्यावर हंडा उचलून निघालीच. शेवटी घराचं दार काढून जाळलं. वारा थेट आत यायचा आणि ती कुडकुडत उघड्यावरच निजल्यासारखी निजायची.

शेजारीण होती देवकू. तिला ते बघवेना. तिने एक दिवस आपल्या चुलीवर हंडा ठेवला आणि बायजाच्या मागोमाग निघाली. दुसऱ्या दिवशी आणखी दोघीतिघी. मग सगळं गावच. आपला हंडा ओतायचा आणि वर यायचं. माघ सरत आला तरी हे चालूच होतं, आणि चिमी काही वर येत नव्हती.

अशात एका संध्याकाळी देवकूची ठमी आईबरोबर आली होती, तिचा पाय घसरला आणि ती सरळ घळीत गेली. आरडाओरड झाली. गोमाने बुडी मारली, पोर लवकर हाताला लागेना. वर काढली तेव्हा सगळ्यांना वाटलं, हीपण गेली. पालथी घातली, पाठ चोळली, पोटातलं पाणी काढलं. ठमीने डोळे उघडले आणि म्हणाली, “आत ऊन आहे.”

कुणाला खरं वाटेना. बायजा पुढे आली. तिने ठमीच्या पायाला गाल लावून बघितला. पाय ऊन होता. माघातल्या थंडीत एवढा वेळ पाण्यात राहिलेल्या पोरीचा पाय ऊन! देवकू तिच्या पाया पडायला लागली, तशी बायजा मागे सरली आणि अशी ओरडून रडली, की वाडीतली माणसं धावत आली. “ही ऊब माझ्या चिमीची होती,” म्हणाली. “माझ्या चिमीला नाही मिळाली. माझ्या चिमीला नाही मिळाली.” तेवढंच परत परत. देवकू पोरीला पोटाशी धरून उभी.

त्यानंतर बायजाने हंडा उचलला नाही. घळीकडे पाठ केली. गोमा म्हणाला होता तो चैत्र आला, वैशाख गेला, समुद्र सगळीकडे तापला. चिमी आली नाही. समुद्राने ऊब ठेवून घेतली आणि पोरही ठेवून घेतली.

वर्ष फिरलं. पुन्हा पौष लागला. घळीतलं पाणी ऊन असतं हे आता पोरांना कळलं होतं, ती आयांच्या मागे लागली. देवकू ठमीला घेऊन आली. सवयीने खाली वाकली आणि पाण्यात हात घातला, एवढ्यात वरून किंकाळी आली, “हात काढ!” बायजा होती. कशी आली, केव्हा आली, कुणी बघितलं नाही. ती लुगड्यासकट पाण्यात उतरली. कमरेपर्यंत, छातीपर्यंत, गळ्यापर्यंत. पाय खाली टाकून टाकून बघितलं. ती तिथे बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, “पाणी ऊन आहे. पाठव पोरीला.”

पुढे जगली तोवर दर पौषात बायजा अशी उतरायची. गावातल्या एकूण एक पोरासाठी. नवस पुरा झाला नव्हता, म्हणून ती कधी शेकली नाही, कधी ऊन घास खाल्ला नाही. तिचं अंग कायम गार असायचं म्हणे. थकली, चढण उतरवेना, तेव्हा बायांनी तिला सांगितलं, “आये, आता आम्ही उतरतो.” सगळ्या गावाचीच आये झाली होती ती.

आजही काळथरात हात घालून कुणी पाणी बघत नाही. आई स्वतः गळ्यापर्यंत जाते, मग पोराला बोलावते. ज्याला आई नाही त्याच्यासाठी शेजारीण उतरते. मी कितीदा उतरलेय. ती बघा, हिरव्या लुगड्यातली बाई पोचली गळाभर पाण्यात. ती आमची शेवंती. तिचा पोरगा काठावर उड्या मारतोय, पण ती त्याला लगेच हाक मारणार नाही. आधी, “चिमे, ये गो,” म्हणेल. बायजा म्हणायची, म्हणून आम्ही सगळ्याच म्हणतो. ऐकलंत? आता ती थांबेल. आम्ही सगळ्याच थांबतो वाईच, पाण्याकडे बघत. कुणी येत नाही. मग आपल्या पोराला बोलावतो.